कारखान्याची खरेदीची बिलं एआयने टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवायची आहेत. सल्लागार म्हणून सुरुवात कुठून करू आणि कोणतं एआय मॉडेल घेऊ?

कोणतं मॉडेल घ्यावं असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी दोन दिवस अकाउंटंटशेजारी बसा आणि एका बिलाला किती मिनिटं लागतात, ती कशात जातात, हे लिहून काढा. बरेचदा वेळ टायपिंगला लागतच नाही, बिल पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) आणि गेटवरच्या आवक नोंदीशी जुळवण्यात जातो. तसं असेल तर मालकाला स्पष्ट सांगा, एआयकडून नुसतं बिल वाचून घेऊन फारसा वेळ वाचणार नाही.

मग जुनी २०० बिलं घ्या. निवडून स्वच्छ पीडीएफ घेऊ नका. डॉट मॅट्रिक्सची फिकट छपाई, कार्बन कॉपी, मोबाइलवर तिरका काढलेला फोटो, हाताने लिहिलेलं बिल, सगळं येऊ द्या. बिल नंबर, तारीख, जीएसटी नंबर, करपात्र रक्कम, कर आणि एकूण हे सहा रकाने मूळ कागदावरून एक्सेलमध्ये भरून घ्या. टॅलीतून उचलू नका, तिथेही चुका असतात. मॉडेलचं उत्तर याच्याशी ताडायचं. प्रत्येक रकाना ९५ टक्के बरोबर आला तरी, चुका एकमेकींवर अवलंबून नसतील तर, सहाही रकाने बरोबर असलेली बिलं साधारण ७४ टक्केच निघतात, म्हणजे चारातलं एक चुकतं. हा हिशेब मालकाला पहिल्याच बैठकीत दाखवा.

या चुका पकडायला साधे नियम लागतात, आणि सल्लागाराची खरी मेहनत इथेच आहे. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरं पॅन, शेवटचं पडताळणीचं. शून्याचा ओ किंवा ५ चा एस वाचला गेला तर त्या शेवटच्या अक्षरावरून कळतं. करपात्र रक्कम, कर आणि राउंड ऑफ मिळून एकूण जुळलंच पाहिजे. तोच पुरवठादार, तोच बिल नंबर, तेच आर्थिक वर्ष दिसलं तर नोंद थांबवा, कारण एकच बिल व्हॉट्सअॅपवर आणि कागदावर असं दोनदा येतं.

आणखी एक धोका आहे. पुसट आकडा मॉडेल अंदाजाने भरतं, आणि तो खराच वाटतो. 'दिसत नसेल तर रिकामं ठेव' असं सूचनेत लिहा. तरीही ते स्वतः 'खात्री आहे' म्हणालं म्हणून विश्वास ठेवू नका. नियमात न बसलेलं बिल माणसाकडेच जायला हवं.

पहिला महिना जुनी पद्धतही सोबत चालू ठेवा. सुरुवातीच्या या तपासणीची फी वेगळी घ्या, म्हणजे 'इथे एआयची गरज नाही' हे सांगायला तुम्ही मोकळे राहाल.