सोनोग्राफीत 'पोर्सलीन गॉलब्लॅडर' आलंय. आईला कॅन्सरचा धोका किती?

आईंचं वय ६२, त्रास काही नाही, आणि डॉक्टर म्हणतात लगेच काढून टाका. टक्क्यांचं सांगतो, पण आधी मला सांगा, ते पोर्सलीनच आहे, म्हणजे पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय, हे ठरवलं कुणी?

नुसत्या सोनोग्राफीवर हा शब्द लिहून मोकळं व्हायचं, ही आम्हा रेडिओलॉजीवाल्यांची जुनी खोड. खड्यांनी गच्च भरलेलं, आकसलेलं पित्ताशय आणि भिंतीत कॅल्शियम साचलेलं पित्ताशय, दोन्हींत स्क्रीनवर पांढरी कमान आणि तिच्यामागे काळी सावली दिसते. फरक कमानीच्या वर असतो. खडे असतील तर वर भिंतीची बारीक रेघ, खाली पित्ताची काळी फट, मग कमान. भिंतीतच कॅल्शियम असेल तर रेघही नाही, फटही नाही. कमान हीच भिंत. ही फट जेमतेम मिलिमीटरभर. गेन (चित्राचा उजळपणा) चढवून ठेवला की ती पुसली जाते. पेशंट सडपातळ असेल तर जवळचं बारीक दाखवणारा लिनियर प्रोब लावून बघावं, आणि पेशंट उपाशीपोटी हवा. सावली मळकट, धुरकट असेल तर भिंतीत गॅस असू शकतो. मधुमेही माणसाला सोबत ताप असेल तर ती वेगळीच इमर्जन्सी.

म्हणून प्लेन सीटी करा. बारीक स्लाइस, कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून देतात त्या उजळवणाऱ्या औषधाच्या) आधी. कॉन्ट्रास्टने भिंत स्वतःच उजळते आणि बारीक कॅल्शियम त्यात हरवतं. आदल्या दिवशी दुसऱ्या कशासाठी कॉन्ट्रास्ट दिला असेल तर पित्तही पांढरं दिसू शकतं. एमआरआयवर कॅल्शियम धड दिसत नाही. एवढ्यासाठी तो खर्च नको. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी हव्यातच: कॅल्शियम अखंड कडं आहे की तुटक ठिपके, भिंत कुठे जाड आहे का, यकृताकडची बाजू स्वच्छ आहे का.

आता टक्के. जुन्या पुस्तकांतले १२ ते ६० टक्के ऑपरेशन झालेल्या, बऱ्याचदा आधीच आजारी असलेल्या लोकांवरून आलेत. २००१ मध्ये छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काढलेल्या सुमारे २५,९०० पित्ताशयांचा आढावा घेतला. भिंतीत कॅल्शियम असलेली ४४ निघाली. अखंड कड्याच्या १७ पैकी एकातही कॅन्सर नव्हता, ठिपक्यांच्या २७ पैकी दोनांत होता. २०१३ च्या आढाव्यात निवडीचा हा दोष वगळल्यावर आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला. तरी आमच्याकडे 'पोर्सलीन म्हणजे कापा' चालूच आहे. वाद घालून घालून मी थकलो.

माझं मत: ठिपके असतील आणि तब्येत धड असेल तर दुर्बिणीने काढून टाका. अखंड कडं, गाठ नाही, त्रास नाही आणि हृदयाचा आजार असेल तर थांबून लक्ष ठेवणं चुकीचं नाही. पित्तखड्यांचा त्रास असेल तर प्रश्नच नाही, काढा. गाठ किंवा एका बाजूची जाडी दिसली तर मात्र नेहमीच्या सर्जनकडे नको, कॅन्सर सर्जनकडे जा. ऑपरेशनमध्ये पित्ताशय फुटून पित्त पोटात सांडलं तर आजार पसरू शकतो.

आणि हो, तुम्ही बिहार-उत्तर प्रदेशकडचे असाल तर गंगाकाठी हा कॅन्सर मुळातच जास्त, तिथे काढण्याकडे कल ठेवा. कापलेलं पित्ताशय पिशवीत घालूनच पोटाबाहेर काढणार का आणि पॅथॉलॉजीला पाठवणार का, हे ऑपरेशनआधीच विचारा. दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा फिल्म नको, सीटीची सीडी न्या.