सगळे पॅटर्न पाठ आहेत, पण लावायचे कुठे? – माझा अनुभव

"तेवीसही पॅटर्न पाठ आहेत, पण प्रोजेक्टमध्ये कुठला कुठे लावायचा तेच कळत नाही" हे डिझाइन पॅटर्नबद्दलचं, म्हणजे कोड रचायच्या ठरलेल्या नमुन्यांबद्दलचं, तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मीही अगदी इथेच अडकले होते. इंटरफेस, पॉलिमॉर्फिझम तुम्हाला येतं असं धरून चालते.

मी ज्या क्लासला जायचे तिथे पॅटर्न म्हणजे व्याख्या आणि आकृती. सिंगलटन (क्लासचं एकच ऑब्जेक्ट बनतं आणि सगळे तेच वापरतात) सोपा म्हणून पहिला शिकवला. तो कधी अंगाशी येतो हे कुणी सांगितलं नाही. याचा राग मला अजून येतो. नोकरीत बिलिंगच्या कामात 'चालू शाखा' मी सिंगलटनमध्ये ठेवली. एकाच दुकानात एकाच कॉम्प्युटरवर चालायचं तोवर सुरळीत होतं. मग ते वेब सर्व्हरवर गेलं, दोन शाखा एकाच वेळी बिलं करू लागल्या. सर्व्हरवर जावाची प्रोसेस एक, म्हणून ते ऑब्जेक्टही एकच! इकडच्या काउंटरने शाखा निवडली की तिकडचं बिल भलत्याच शाखेच्या नंबरने छापून यायचं. ऑफिसात एकटीच टेस्ट करायचे, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नाही. तीन आठवडे गेले. उपाय निघाला तो एवढाच: बिलाचं ऑब्जेक्ट बनवतानाच शाखा कन्स्ट्रक्टरमधून द्यायची.

लॉगरसाठी (प्रोग्रॅममध्ये काय घडलं याच्या नोंदी लिहिणाऱ्या ऑब्जेक्टसाठी) सिंगलटन चालेल, पण बदलणारा डेटा त्यात नको. हे माझं मत. तुमच्या टीमचं वेगळं असू शकतं.

आकृत्या तूर्त बाजूला ठेवा. 'डिझाइन पॅटर्न्स' या १९९४ च्या मूळ पुस्तकात प्रत्येक पॅटर्नखाली तो कधी वापरावा आणि त्याचे परिणाम काय, हे स्वतंत्र दिलंय. आधी तेवढंच वाचा. जावातही पॅटर्न समोरच आहेत: सॉर्टला दिलेला, क्रम ठरवणारा कम्पॅरेटर म्हणजे स्ट्रॅटेजी (बदलणारा नियम वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये काढून बाहेरून देणं), फाइल स्ट्रीमवर चढवलेला बफर्ड स्ट्रीम म्हणजे डेकोरेटर (मूळ ऑब्जेक्ट न बदलता त्यावर जादा काम चढवणं).

दर सणाला नवी ऑफर येते आणि तीच लांबलचक इफ-एल्सची मेथड उघडावी लागते, असं तुम्ही लिहिलंय. स्ट्रॅटेजी तिथेच बसतो. जावा ८ किंवा पुढचं असेल तर साध्या ऑफरला वेगळा क्लासही नको, लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं छोटं फंक्शन) पुरे. फक्त सगळ्या ऑफर एकदम हलवू नका. दिवाळीची एकच बाहेर काढा, गेल्या वर्षीच्या बिलांवर चालवा, पैशापैशाने रक्कम जुळली की मग पुढची घ्या.