‘जादू’ म्हटलं की आजीला करणीच का आठवते?

नागपूरच्या एक वाचक मराठीत फँटसी कादंबरी लिहिताहेत. नायिका अंबाझरीच्या काठावर राहते आणि नुसत्या हाताच्या इशाऱ्याने तलावाचं पाणी वर उचलते. बाईंनी सगळीकडे ‘जादू’ लिहिलं. पहिलं प्रकरण आजीला वाचून दाखवलं, तर आजीने विचारलं, “थे पोट्टी करणी करून राहिली का वं?” आता त्यांचा प्रश्न असा, की ‘जादू’ला दुसरा चांगला शब्द आहे का?

आजीचं चुकलेलं नाही. ‘जादू’ आपल्याकडे फारसीतून आली, पण तिची सख्खी बहीण वेदातच बसली आहे: ‘यातु’. यातु करणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठाच्या तोंडी एक ऋचा आहे, ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’. मी यातुधान असेन तर आजच मरेन! हे तो म्हणतो कशात, तर मंत्रात. म्हणजे आपण म्हणतो तो मंत्र आणि दुसरा करतो ती जादू, हा भेद तेव्हापासूनचा. आजही भटजी दिवसभर मंत्र म्हणतात, पण त्यांना कुणी ‘मांत्रिक’ म्हणून पाहावं! करणी, चेटूक, मूठ मारणं हे सगळे शब्द त्या ‘दुसऱ्या’चे. २०१३च्या कायद्याच्या लांबलचक नावातही ‘जादूटोणा’ नरबळी आणि अघोरी प्रथांच्या पंगतीला बसलाय. उरलेली ‘जादू’ रुमालातून कबूतर काढणाऱ्याची. तुमची नायिका या दोन्हींच्या मधे अडकली.

त्यामुळे मराठीत आधी ठरवावं लागतं की शक्ती आली कुठून. देवाने दिली तर वर, कोपून काढून घेतली तर शाप. शापाचं उत्तम उदाहरण तर तुमच्या शेजारीच आहे. संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी ज्या रामटेकला कालिदासाचा रामगिरी मानलं, तिथला यक्ष ‘मेघदूता’च्या पहिल्याच श्लोकात ‘शापेनास्तंगमितमहिमा’ आहे, शापाने त्याचा महिमा मावळलाय. ‘महिमा’ हे अष्टसिद्धींपैकी एकीचंही नाव. फँटसीत ज्याला ‘त्याची जादू गेली’ म्हणतील, ते कालिदासाने ‘महिमा’ म्हणून किती वजनदार केलंय बघा.

देव मधे नसेल, तर पतंजलीचं एक सूत्र हाताशी ठेवा: ‘जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः’. सिद्धी जन्माने मिळते, औषधीने, मंत्राने, तपाने किंवा समाधीने. आजच्या कादंबऱ्यांतले जन्मजात जादूगार, काढे उकळणारे, मंत्र पुटपुटणारे असे सगळे या एका ओळीत मावतात. शाळेत शिकायची असेल तर सरळ ‘विद्या’ म्हणा. ‘माया’ मात्र जपून वापरा. मयसभेत ती शोभते, पण मराठीत आजीची माया असते आणि साहेबाने जमवलेलीही मायाच असते, वाचक भलतीकडे जाईल.

माझं विचाराल तर संवादात ‘सिद्धी’ जड होते. सोळा वर्षांची मुलगी ‘मला जलसिद्धी आहे’ म्हणाली की ती लगेच साठीची वाटायला लागते.

खरं तर नाव लागतंच असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत उभं राहून ऐका: ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ रोगराई मारबत नावाच्या पुतळ्याबरोबर शहराबाहेर पाठवायची, याला कुणीही परदेशी लेखक ‘मॅजिक’च म्हणेल. नागपूरकर त्याला ना जादू म्हणत, ना मंत्र, ना सिद्धी. नुसतं ‘घेऊन जा’ म्हणतात. आज्ञार्थी क्रियापद आणि एक ‘गे’, संपलं. तुमची नायिकाही पाण्याला ‘ये गे’ म्हणू दे आणि पाणी येऊ दे. एवढंच लिहून ते प्रकरण आजीला पुन्हा वाचून दाखवा, आणि ती काय म्हणाली ते कळवा.