देवाने माणसाला चुकायची मोकळीक दिलीच का?

तुमचा प्रश्न असा: देव सर्वशक्तिमान आहे आणि माणूस वाईट वागणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, तर सगळे चांगलंच वागतील असं त्याने का घडवलं नाही? ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने उत्तर देतो.

थोडक्यात सांगायचं तर देवाला माणसाचं प्रेम हवं आहे, आणि प्रेम सक्तीने मिळत नाही. चर्चमध्ये हे उत्तर नेहमी ऐकू येतं, ते खरंही आहे. पण एवढ्यावरच थांबलं की ते पोकळ वाटतं. म्हणून बायबलमध्ये ही मोकळीक प्रत्यक्षात कशी दिसते ते बघू.

बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं मनाई केलेलं झाड सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण १६ व्या वचनात आधी परवानगी आहे: बागेतल्या झाडांची फळं खुशाल खा. अपवाद त्यानंतर, १७ व्या वचनात, आणि तोही एकाच झाडाचा. त्या झाडाला कुंपण घातल्याचा उल्लेख नाही, पहारा बसवल्याचाही नाही. पहारा येतो तो पाप घडून गेल्यावर, ३:२४ मध्ये, आणि तोसुद्धा दुसऱ्याच झाडाच्या वाटेवर, जीवनाच्या झाडाच्या. बागेत आज्ञा होती, परिणाम सांगितला होता. पुढचं माणसावर सोडलं होतं.

याहून स्पष्ट चित्र लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात आहे, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात. धाकटा मुलगा बाप हयात असताना वाटणी मागतो. ही मागणी किती जिव्हारी लागणारी असते ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१:१७ प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश. बाप समजूत काढत बसल्याचं, अटी घातल्याचं येशू सांगत नाही. त्याने मालमत्ता वाटून दिली, एवढंच. पोरगा दूर देशी जातो, पैसा उडवतो, दुष्काळ पडतो आणि तो डुकरं राखायला लागतो. यहुदी मुलासाठी याहून खालची पायरी नव्हती. डुकरं खातात त्या शेंगांवर तरी पोट भरावं असं त्याला वाटतं. तरीही बाप माणसं पाठवून त्याला उचलून आणत नाही. मुलगा आपल्या पायाने परत फिरतो, तेव्हा मात्र तो दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. धावण्याइतकी ओढ होती, मग आधी का नाही आणलं? कारण उचलून आणलेला मुलगा घरात राहिला असता, पण मनाने त्या दूर देशातच असता.

बरेच लोक गोष्ट इथेच सोडतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर थोरल्या भावात आहे. तो कधीच घर सोडून गेला नाही, एकही आज्ञा मोडली नाही. तुम्ही म्हणता तसा, चांगलंच वागणारा माणूस. पण तो बापाला काय म्हणतो? इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि तुम्ही मला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत. घरात राहून तो गडीच झाला होता. बाप त्यालाही हुकूम करत नाही, बाहेर येऊन विनवतो. तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. नुसतं चांगलं वागणं देवाला पुरलं असतं, तर हा थोरला त्याला पुरला असता.

आता 'आधीच ठाऊक होतं' याकडे वळू. ठाऊक असणं वेगळं, करायला लावणं वेगळं. येशूने आपल्या पेत्र या शिष्याला सांगितलं होतं, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. तरी प्रमुख याजकाच्या अंगणात गेला तो पेत्र स्वतः, विस्तवाशी बसला तोही स्वतः, आणि एका दासीने ओळखल्यावर 'मी त्याला ओळखत नाही' हे त्याच्याच तोंडून निघालं. कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, असं लूक २२:६१ मध्ये आहे. पेत्र बाहेर जाऊन रडला. येशूच्या शब्दांनी त्याला तसं बोलायला लावलं असतं, तर त्या रडण्याला काही अर्थच उरला नसता.

या उत्तराचा एक वापर मात्र फार चुकीचा होतो, आणि तो थांबायला हवा. कुणाचं मूल आजाराने गेलं, भूकंपात घर गाडलं गेलं, तर तिथे 'देवाने इच्छास्वातंत्र्य दिलंय' असं सांगू नये. माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाबद्दल हे उत्तर काही सांगतं. भूकंप कुणी निवडलेला नसतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, त्यांच्याबद्दल येशूने लूक १३:४ मध्ये विचारलं: ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि 'नाही' हे उत्तरही त्यानेच दिलं. अशा घरात गेल्यावर युक्तिवाद न करता जवळ बसावं.

दुसरी गफलत म्हणजे ही मोकळीक सगळ्यांकडे सारखी आणि शाबूत आहे असं धरणं. पाप करणारा पापाचा दास होतो, असं योहान ८:३४ सांगतं. दारूचा पहिला पेला आणि दहा वर्षांनंतरचा पेला यांत निवडीची ताकद सारखी उरत नाही. म्हणून कॅथलिक धर्मशिक्षणात अज्ञान, भीती, जबरदस्ती आणि सवय यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते असं मानलं आहे. व्यसनी माणसाला 'तू ठरवलंस तर सुटशील' एवढंच सांगणं अर्धवट आहे. त्याला कृपाही लागते, उपचारही आणि सोबतही.

माणसाच्या इच्छेत निवडीची किती ताकद उरली आहे यावर चर्चमध्येच जुना वाद आहे. माणूस स्वबळावर पापाशिवाय जगू शकतो हे पेलागियस या धर्मशिक्षकाचं मत ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने फेटाळलं. १५२४ मध्ये इरॅस्मस या विद्वानाने इच्छा स्वतंत्र आहे या बाजूने लिहिलं, पुढच्याच वर्षी प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने ती गुलाम आहे असं उत्तर दिलं. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ती दुबळी झाली पण नष्ट झालेली नाही असं ठरवलं. त्यामुळे हाच प्रश्न तुम्ही कॅथलिक फादरांना, मेथडिस्ट पाळकांना आणि कॅल्विन या प्रॉटेस्टंट सुधारकाच्या परंपरेतल्या एखाद्या पाळकांना विचारलात, तर उत्तरं जुळणार नाहीत. गोंधळून जाऊ नका. कृपा आधी देवाकडून येते हे तिघांनाही मान्य असतं. माणूस ती नाकारू शकतो का, इथे खरा फरक पडतो.

आणखी वाचायचं असेल तर मार्क १०:१७ ते २२ ही सहाच वचनं घ्या. एक श्रीमंत माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो. येशू त्याच्याकडे निरखून पाहतो, त्याच्यावर प्रेम करतो, आणि सगळं विकून गरिबांना दे म्हणतो. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू अट कमी करत नाही, आणि त्याला अडवतही नाही.