रिपोर्टची वाट बघताय ना, आधी गाडी कुठे आहे ते बघा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. भाऊ कार रेसच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस करताना गेला, चार महिने झाले, पोलीस म्हणतात रिपोर्ट यायचाय, आयोजक म्हणतात चौकशी समिती बसलीये, आणि गॅरेजवाला सारखा फोन करतोय की गाडी उचला. हे शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तिथेच धस्स झालं.

आमचा दादा कार रॅलीत नेव्हिगेटर होता, म्हणजे शेजारी बसून ड्रायव्हरला रस्ता सांगणारा. रेकीच्या दिवशी, म्हणजे रॅलीआधी रस्ता बघून ठेवताना, घाटात गाडी दरीत गेली. तेरावं झालं आणि पोलीस ठाण्यातून फोन आला, पंचनामा झालाय, गाडी जागा अडवतेय, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे गाडी ताब्यात मिळाल्याच्या कागदावर, सही करा आणि घेऊन जा. आईला ती दारात नको होती आणि मलाही बघवत नव्हती, डावं दार पार आत चेपलेलं, सीटखाली त्याची पेस नोट्सची, म्हणजे वळणं टिपलेली, वही तशीच, स्पायरलमध्ये चिखल वाळलेला. मी वही काढून घेतली आणि गाडी भंगारात किलोवर दिली. अकरा महिन्यांनी एका ऑफिसचं पत्र आलं की स्टीअरिंगचा जोड आधी तुटला की आपटल्यावर, ते तपासायचंय, वाहन हजर करा. कुठून करणार? तीन खेटे घातले, प्रत्येक वेळी वेगळं टेबल, आणि शेवटी फाईलवर एक ओळ, वाहन उपलब्ध नसल्याने कारण निश्चित करता येत नाही. गाडी चालवणारा दादाचा मित्र वाचला होता. आजही लोक त्यालाच बोल लावतात, आणि त्याची चूक होती की नव्हती हे माझ्या एका सहीमुळे आता कुणालाच कळणार नाही.

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना, त्याचं बघा. 1 मे 1994ला इटलीत इमोलाच्या ट्रॅकवर गेला आणि इटलीतल्या कोर्टाचा शेवटचा निकाल आला 2007मध्ये, की स्टीअरिंगच्या दांड्यात केलेला बदल सदोष होता. तोवर खटल्याची मुदत संपलेली, शिक्षा कुणालाच नाही. पण गाडी कित्येक वर्षं सरकारी ताब्यात होती म्हणून त्या दांड्यावर तज्ज्ञ कोर्टात भांडू तरी शकले.

आणि एका रिपोर्टने सगळं संपतं असंही नाही. रॅली ड्रायव्हर कॉलिन मॅक्रे सप्टेंबर 2007मध्ये स्कॉटलंडला हेलिकॉप्टर अपघातात गेला, बरोबर त्याचा लहान मुलगा आणि आणखी दोघं. विमान अपघात तपासणाऱ्यांनी 2009मध्ये सांगितलं की नेमकं कारण ठरवता येत नाही, मग 2011मध्ये कोर्टाच्या चौकशीत आलं की दरीत इतकं खालून उडायलाच नको होतं. चार वर्षं, दोन उत्तरं. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ज्यूल्स बियांकी जपानच्या रेसमध्ये आपटला, तेव्हा तर तो कोमात असतानाच चौकशी समितीने लिहिलं की त्याने वेग पुरेसा कमी केला नाही, 396 पानांचा रिपोर्ट होता. घरच्यांना ते पटलं नाही, पुढे ते कोर्टात गेले. म्हणून तुमचा रिपोर्ट येईल त्या दिवशी एकट्या वाचू नका, आईंना तर आधी अजिबात देऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे, आयोजकांच्या समितीवर विसंबू नका. ती वाईट असते असं नाही, पण पुढच्या रेसला काय बदलायचं हे ती बघते, दोष कुणाचा हा पोलिसांचा आणि कोर्टाचा विषय. त्यांच्याकडे स्क्रुटिनीचा, म्हणजे रेसआधी गाडी तपासल्याचा कागद, मार्शलचे, म्हणजे ट्रॅकवर उभ्या असणाऱ्या सुरक्षा माणसांचे रिपोर्ट आणि ॲम्ब्युलन्स किती वाजता निघाली त्याची नोंद लेखी मागा. हेल्मेट, हार्नेस (रेसचा सीट बेल्ट), कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पंचनाम्यात आहे का ते बघा, नसेल तर अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

मी वकील नाही, तुमच्या केसला काय लागू होतं ते वकिलाकडून नक्की करा. पण नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 193मध्ये, तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. तुमच्याकडे नुसती अकस्मात मृत्यूची नोंद आहे की गुन्हा दाखल झालाय ते आधी विचारा, सगळं त्यावर अवलंबून. माहिती अधिकारात तपास चालू आहे एवढंच म्हणून नाकारलं तर अपील करा, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते त्यांना सांगावं लागतं. विम्याचं पण बघून घ्या, साध्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, त्यामुळे जबाबात खरं तेच सांगा पण जे तुम्ही डोळ्यांनी बघितलं नाही ते अंदाजाने सांगू नका. मी सांगितलं होतं, दादा घाईत होता म्हणून. तो शब्द पुढे प्रत्येक कागदावर आला.

बाकी सगळं आठवड्याने केलंत तरी चालेल. उद्या सकाळी गॅरेजवाल्याला फोन करा, जागेचं भाडं मी देते म्हणा, गाडीला हात लावू नको, धुऊ तर अजिबात नको. आणि वर ताडपत्री टाकायला सांगा, तुटलेल्या जोडावर गंज चढला की तो कसा तुटला हे तज्ज्ञालाही नीट वाचता येत नाही.