कबुतरं, बुरशी आणि न थांबणारी डोकेदुखी

प्रश्न : डॉक्टर, आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये कबुतरांनी उच्छाद मांडलाय. माझ्या दिरांची गेल्या वर्षी किडनी बदलली. कबुतरांच्या विष्ठेतली बुरशी मेंदूत जाते, असा मेसेज फिरतोय. त्यांना इथे राहू द्यावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, राहू द्या. क्रिप्टोकॉकस ही बुरशी कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेत असते हे खरं. पण दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना ती जांभळाच्या कुजक्या ढोलीतही सापडली. कबुतरं हाकलली म्हणजे ती गेली, असं नाही. धडधाकट माणसाला ती सहसा बाधत नाही, माणसाकडून माणसाला लागतही नाही. दीर मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात, म्हणून डक्टची सफाई त्यांनी करू नये. दुसऱ्या कुणी मास्क लावून, विष्ठा आधी भिजवून मगच खरवडावी.

मला काळजी आहे ती वेगळीच. ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली, की डोकं दुखायला लागतं आणि ही डोकेदुखी हळूहळू वाढते. कधी ताप असतो, कधी नाही. मान आखडेलच असंही नाही. लोक चष्म्याचा नंबर तपासत बसतात आणि आठवडे जातात. मणक्यातल्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, की काळ्याभोर काचेवर गोल पेशी दिसते आणि तिच्याभोवती चंद्राला पडावं तसं स्वच्छ खळं. ते तिचं कवच. शाई त्यात शिरत नाही. याच कवचाचे अंश आता रक्ताच्या थेंबातून साध्या पट्टीवर दहा मिनिटांत कळतात, एचआयव्हीच्या रुग्णांत तर डोकं दुखायला लागण्याआधीही.

उपचारही सुटसुटीत झालेत. आफ्रिकेतल्या पाच देशांत हा आजार झालेल्या ८१४ एचआयव्हीबाधितांवर झालेला अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. लिपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीनाशक इंजेक्शनचा एकच मोठा डोस आणि दोन आठवडे फ्लुसायटोसिन-फ्लुकोनाझोल ही बुरशीवरचीच औषधं, एवढ्यानेही आठवडाभराच्या जुन्या इंजेक्शनांइतकाच गुण आला, दुष्परिणाम कमी. तरीही दहा आठवड्यांत चौघांतला एक जण दगावलाच. म्हणून लवकर ओळखण्यासाठी मी एवढी जीव तोडून सांगते. किडनी बदललेल्यांचा उपचार मात्र वेगळा आणि लांबचा असतो.

दिरांचं डोकं आठवडाभर दुखत राहिलं, तर किडनीच्या डॉक्टरांना थेट विचारा : ‘क्रिप्टोकॉकल अँटिजेन करायचं का?’ म्हणजे कवचाचे अंश शोधणारी तीच रक्ततपासणी. आणि कुणाच्याही सांगण्यावरून फ्लुकोनाझोल देऊ नका. दीर टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेत असतील, तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून नव्या किडनीलाच इजा होऊ शकते.