आजीची बटणे आणि हॉकीची लीग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही व्यावसायिक हॉकीविषयी वाचकांची मते मागवली होती. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. अनेकांनी पत्राची सुरुवात लीगपासून केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच आजीचा विषय काढला. त्यामुळे या वेळच्या सदरात आम्ही हे दोन्ही विषय वेगळे केलेले नाहीत.

प्रश्न : 1975 च्या विश्वचषकाच्या वेळी मी शाळेत खालच्या वर्गात होते. रेडिओवर सामन्याचे धावते वर्णन सुरू झाले की आजी शिवणाच्या डब्यातली बटणे चटईवर मांडायची. पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन आणि सर्वांत मागे कोटाचे एक मोठे काळे बटण, ते म्हणजे गोलरक्षक. समालोचकाने खेळाडूचे नाव घेतले की ती त्या बटणावर बोट ठेवायची आणि चेंडू कुठे आहे ते मला समजायचे. आता मी नातवाबरोबर टीव्हीवर हॉकी इंडिया लीगचे सामने पाहते. खेळ वेगवान आहे, चित्र स्वच्छ आहे, तरीही जीव गुंतत नाही. हा माझ्या वयाचा दोष, की हॉकीच बदलली?

उत्तर : हॉकी बदलली हे खरे आहे, परंतु जीव न गुंतण्याचे कारण त्या बदलात आहे असे मला वाटत नाही.

1975 साली क्वालालंपूरला झालेल्या त्या स्पर्धेत आपल्या आजींना काय ऐकायला मिळाले ते आठवून पाहा. उपांत्य सामन्यात यजमान मलेशिया 2-1 ने पुढे होता, वेळ संपत आली होती आणि अशा वेळी बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरलेल्या अस्लम शेरखान यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला. 15 मार्चला झालेल्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आधी गोल केला, सुरजितसिंग यांनी तो फेडला आणि अशोककुमार यांच्या गोलाने अजितपालसिंग यांच्या संघाने विश्वचषक जिंकला. भारताने पुरुषांच्या हॉकीचा विश्वचषक जिंकला तो तेव्हाच. समालोचक जसदेवसिंग यांचा चढत जाणारा आवाज ज्यांनी त्या काळी रेडिओवर ऐकला, त्यांना यापुढचे काही सांगायला नको.

माझ्या आजीला हॉकीचे नियम फारसे ठाऊक नव्हते. खेळाडू मात्र तिला नात्यागोत्यासकट ठाऊक असत. अशोककुमार हे नाव आले की ती माझ्याकडे वळून सांगे, ‘‘हा ध्यानचंदांचा मुलगा बरं का.’’ दर वेळी सांगे, मला ठाऊक आहे हे ठाऊक असूनही सांगे. ज्यांचा खेळ तिने कधी पाहिला नव्हता त्या ध्यानचंदांना तिने अशा रीतीने माझ्यापर्यंत आणून पोहोचवले. आपल्या आजीने बटणांवर बोट ठेवून हेच केले. संघ आपला वाटतो तो घरातल्या कुणीतरी तो आधी आपला मानलेला असतो म्हणून. ही ओढ एका पिढीने दुसऱ्या पिढीला द्यायची असते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे तोच संघ, तेच नाव, तोच रंग डोळ्यांसमोर असावा लागतो.

आता आपल्याकडच्या व्यावसायिक हॉकीकडे पाहा. प्रीमियर हॉकी लीग 2005 मध्ये सुरू झाली आणि 2008 मध्ये संपली. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली, तिचा एकच हंगाम झाला. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिचे पहिले विजेतेपद रांची ऱ्हायनोजने मिळवले आणि दोन हंगामांनंतर तो संघ स्पर्धेतून बाहेर पडला, म्हणजे पहिल्याच विजेत्याचे नाव तिसऱ्या हंगामात उरले नाही. 2017 नंतर ती लीगही थांबली आणि 2024 च्या डिसेंबरअखेर बहुतांशी नव्या नावांच्या संघांसह पुन्हा सुरू झाली. 2013 मध्ये एखाद्या आजीने नातवाला रांचीचा संघ दाखवून ‘‘हा आपला’’ असे सांगितले असेल, तर तो नातू मोठा होईपर्यंत तिने काय दाखवायचे?

व्यावसायिक हॉकीविषयी माझी मुख्य तक्रार एवढीच आहे. खेळाडूंना पैसा मिळतो याचा मला आनंद आहे. परदेशी खेळाडू आपल्या मुलांबरोबर एकाच संघात राहतात, सराव करतात, हे तर मी फार मोलाचे मानतो. पण ज्यांनी लीग चालवायची त्यांनी ती नफ्यातोट्याचा विचार करून दोन-चार वर्षांत गुंडाळू नये, आणि मालक बदलला तरी संघाचे नाव व रंग त्या शहराकडेच राहावेत, असा नियम करावा. आपल्या नातवाचा जीव गुंतायला हवा असेल तर त्याने एक संघ निवडावा आणि पुढचे काही हंगाम, हरला तरी, तो सोडू नये. त्या संघाच्या खेळाडूंची ओळख त्याला करून देण्याचे काम आपण करावे. बटणे असतीलच.

प्रश्न : लीगमधल्या पैशामुळे आशियाई शैलीची कलात्मक हॉकी मेली, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सहमत आहात का?

उत्तर : नाही. दुःख आपले आणि माझे एकच आहे, परंतु आरोपी चुकीचा धरला जातो आहे.

1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीची स्पर्धा प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि आदल्या वर्षीचा विश्वविजेता भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, दिशा बदलतो. अशा मैदानावर चेंडू स्टिकला चिकटवून दोघा-तिघांना चकवत नेणाऱ्याच्या मनगटाला मोल असते. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो, त्यामुळे लांब पास, दमसास आणि ताकद यांचे पारडे जड झाले. कृत्रिम मैदान घालणे खर्चाचे असल्याने आपली असंख्य मुले पुढे कित्येक वर्षे गवतावरच शिकली आणि मोठ्या स्पर्धेत एकदम टर्फवर उतरली. पुढे ऑफसाइडचा, म्हणजे बचावपटूंच्या पलीकडे गोलाजवळ आधीच जाऊन थांबण्यास मनाई करणारा, नियम 1990 च्या दशकात रद्द झाला. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा मिळाली, आणि 35 मिनिटांच्या दोन भागांऐवजी 15 मिनिटांची चार सत्रे आली. पहिल्या पत्रातल्या आजींना आज पाच-तीन-दोन अशी बटणे मांडून भागणार नाही, दर काही मिनिटांनी ती उचलून दुसरी ठेवावी लागतील. टर्फ, ऑफसाइड आणि खेळाडूंची अदलाबदल, खेळाचा पोत पालटणारे हे निर्णय आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पातळीवरचे आहेत, त्यांचे खापर आपल्या लीगवर फोडता येणार नाही.

उलट मैदानी गोलाला, म्हणजे खेळ चालू असताना रचलेल्या चढाईतून झालेल्या गोलाला, उत्तेजन द्यावे म्हणून काही केले असेल तर ते लीगनेच. हॉकी इंडिया लीगने 2016 मध्ये असा एक गोल दोन गोलांच्या बरोबरीचा धरला. हेतू उत्तम होता. निर्णय मात्र मला पटला नाही, कारण गुणफलक पाहून सामना कसा झाला हे सांगता येईना, आणि हॉकीत एक गोल म्हणजे एक गोल ही शतकभराची सवय आहे. कलात्मकता हवी असेल तर ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या सरावात जपावी लागेल. तिथे प्रशिक्षक पहिल्याच महिन्यात ‘‘चेंडू सोड, पास दे’’ असे ओरडू लागले तर लीगमध्ये मनगटाचे खेळाडू येणार कुठून?

प्रश्न : माझा मुलगा परदेशात असतो आणि नातू तिकडच्या आइस हॉकीचा भक्त आहे. त्या खेळातल्या मारामाऱ्या पाहून मला धक्का बसतो. हा खेळ मुलांनी पाहावा का?

उत्तर : मारामारीविषयी आपल्याला जे वाटते तेच मलाही वाटते. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये हातमोजे टाकून एकमेकांना ठोसे मारणाऱ्या खेळाडूंना सामान्यतः पाच मिनिटे बाहेर बसवतात आणि नंतर ते पुन्हा खेळतात. मैदानावरच्या हॉकीत एवढ्यावर थेट लाल कार्ड निघेल, आणि तेच योग्य आहे. डोक्याला बसणाऱ्या माराचे परिणाम खेळाडूला निवृत्तीनंतरही भोगावे लागतात. त्यामुळे प्रेक्षकांना आवडते हे समर्थन मला मान्य नाही.

तरीही नातवाला तो खेळ जरूर पाहू द्यावा, आणि जमल्यास आपणही शेजारी बसावे. पहिल्या उत्तरात मी जे म्हटले त्याचे सर्वांत चांगले उदाहरण त्याच लीगमध्ये आहे. ती 1917 मध्ये स्थापन झाली आणि त्याही आधी, 1909 मध्ये, निघालेला माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ आजही तिच्यात खेळतो. टोरोंटोच्या मेपल लीफ्सने 1967 नंतर स्टॅन्ली चषक, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकलेला नाही, तरी त्यांच्या सामन्यांना गर्दी लोटते. त्या गर्दीत असे कित्येक जण असतील ज्यांनी आपल्या संघाला चषक उचलताना कधी पाहिलेले नाही, पण ज्यांच्या आजीने पाहिलेले आहे. त्या चषकावर विजेत्या खेळाडूंची नावे कोरली जातात. जागा भरली की सर्वांत जुनी पट्टी काढून टोरोंटोच्या हॉकी संग्रहालयात ठेवतात आणि नवी बसवतात. नातवाला हे विचारा, तो आपल्याला तासभर सांगत राहील.

प्रश्न : माझी आजी आता फार वृद्ध आहे. ती नातवंडांना आणि पतवंडांना 1975 च्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगते, पण पाकिस्तानविरुद्धचा निर्णायक गोल अस्लम शेरखान यांनी केला असे म्हणते. तिला दुरुस्त करावे का?

उत्तर : मुलांसमोर करू नये. आपल्या आजींनी उपांत्य आणि अंतिम असे दोन सामने एकत्र केले आहेत, आणि त्या दोहोंतला अधिक जीवघेणा क्षण मनात ठेवला आहे. गोल कुणी केला हे पुस्तकात केव्हाही पाहता येते. त्या वेळी घरात कोण कोण बसले होते, रेडिओ कुणाचा होता, खरखर वाढली की तो कोण फिरवत असे, आजोबांना हॉकी आवडे का, हे मात्र त्यांच्याखेरीज कुणी सांगू शकणार नाही, आणि ही माहिती मिळवण्याची मुदत मोठी नाही.

म्हणून आधी त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे, जसे आहे तसे. ‘‘तुला हॉकी का आवडते?’’ असल्या मोठ्या प्रश्नावर वृद्ध माणसे गप्प होतात, तेव्हा प्रश्न लहान विचारावेत. ‘‘रेडिओ कुठे ठेवलेला असायचा?’’ इथून सुरुवात केली तर त्या आपोआप खोलीत शिरतील आणि मग माणसे आठवतील. एका बैठकीत फार वेळ बोलायला लावू नये. नंतर स्वतंत्र कागदावर तारीख, गोलसंख्या आणि गोल करणाऱ्यांची खरी नावे लिहून त्या ध्वनिमुद्रणाबरोबर जपून ठेवावीत. मुले मोठी झाल्यावर दोन्ही ऐकतील, वाचतील, आणि आजीने दोन सामने का जोडले असतील यावर आपसांत बोलतील.

प्रश्न : माझी मुलगी शालेय हॉकीत राज्य पातळीपर्यंत पोहोचली आहे. माझ्या सासूबाई ‘‘खेळू दे तिला’’ म्हणून ठामपणे पाठीशी आहेत, तर पतींचे म्हणणे आहे की व्यावसायिक हॉकीत भविष्य नाही. कोणाचे ऐकावे?

उत्तर : सासूबाईंचे ऐकावे आणि पतींची शंका टिपून ठेवावी, कारण ती रास्त आहे.

घरातले वडीलधारे माणूस पाठीशी असणे ही मुलीच्या खेळासाठी फार मोठी गोष्ट असते. भारतीय संघाची कर्णधार राहिलेली गोलरक्षक सविता पुनिया हिला हॉकीकडे वळवले ते तिच्या आजोबांनी. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला चौथ्या आल्या तेव्हा त्या गोलात सविता उभी होती. सासूबाईंना हे अवश्य सांगा, त्यांना बळ येईल.

आता पतींच्या शंकेविषयी. हॉकी इंडिया लीगमध्ये महिलांची स्पर्धा जानेवारी 2025 मध्ये प्रथमच झाली, तीही चार संघांची. चार संघांत जागा मोजक्याच, त्यातल्या काही परदेशी खेळाडूंसाठी, आणि हंगाम काही आठवड्यांचा. केवळ या करारावर आयुष्य उभे करता येणार नाही. आपल्याकडे हॉकीपटूचे घर अजूनही प्रामुख्याने नोकरीवर चालते. रेल्वे, पोलीस आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या खेळाडूंची भरती करतात, आणि महिला हॉकीत रेल्वेचा संघ दीर्घकाळ बलाढ्य राहिलेला आहे. त्यामुळे शिक्षण सोडू नये, कारण भरतीत खेळाबरोबर शैक्षणिक पात्रताही पाहिली जाते. राज्य पातळीवरच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जपून ठेवावे. ती प्रमाणपत्रे कोणत्या संघटनेने दिली आणि त्या संघटनेला मान्यता आहे का, हे आत्ताच तपासावे. अर्ज करताना नेमके तिथेच अडते.

गुडघा आणि घोटा यांच्या दुखापती या खेळात नेहमीच्या आहेत. उद्या एखाद्या संघाचा करार हातात आला तर रकमेचा आकडा पाहण्याआधी दुखापतीचा खर्च कोण करणार, हंगाम रद्द झाल्यास पैसे मिळणार का आणि ते किती हप्त्यांत मिळणार, ही तीन कलमे वाचावीत. हे वाचण्याचे काम पतींकडे सोपवावे. त्यांच्या सावधपणाचा मुलीला याहून चांगला उपयोग होणार नाही.